तिसऱ्या माणसाने सांगायचा भाव

रायपूरला फिरायला कोण जातं, असं निघण्याआधी आमच्या स्टाफरूममध्ये ज्याने त्याने मला विचारून घेतलं. काश्मीरला जा, केरळला जा, गेलाबाजार गोव्याला तरी जा. मी सांगलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आंतरराष्ट्रीय व्यापार हा माझा पेपर, आणि तो मी इतकी वर्षं फळ्यावरच केलेला आहे. खडूने दोन रेषा काढायच्या, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपका द्यायचा आणि म्हणायचं, मुलांनो, हा भाव. खरा भाव ठरताना माणसांचे चेहरे कसे होतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते पाहायला मला रायपूरला जावं लागलं.

निमित्त झालं विनायकच्या फोनचं. विनायक माझा मावसभाऊ. त्याचे वडील रेल्वेतल्या नोकरीपायी अमरावतीहून रायपूरला गेले आणि तिथलेच झाले. विनायकने नोकरी न करता रायपूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, उरल्याला, लहानसा कारखाना टाकला, त्यात तो कुदळी बनवतो. या कुदळी आफ्रिकेत, केनियातल्या मोंबासा बंदरात जातात. "ताई, दिवाळी झाली का ये एकदा," तो फोनवर म्हणाला. "मोंबासाची पार्टी येऊन राहिली. या वर्षी ऑर्डर नाही भेटली तर मले शटर पाडाव लागते." त्याचा आवाज ऐकला आणि मी तिकीट काढलं.

राजधानीचा रेट

रायपूर तेव्हा नवीनच राजधानी झालं होतं. सरकारी पाट्यांवर मध्यप्रदेशच्या जागी छत्तीसगढ रंगवलेलं, पण खालची जुनी अक्षरं रंगातून डोकावत होती. राज्योत्सवाचे मांडव अजून उतरले नव्हते. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने विनायकच्या समता कॉलनीचे जे पैसे सांगितले ते ऐकून मी म्हटलं, "भैया, इतने में तो मैं सांगली वापस जाऊँगी." तो शांतपणे म्हणाला, "मैडम, अब राजधानी है. राजधानी का रेट है." शहराची पायरी चढली की जमिनीपासून रिक्षापर्यंत सगळ्यांचे भाव चढतात हे मीच तर वर्गात सांगते. बसले मुकाट्याने.

विनायकच्या घरी मोंबासाची पार्टी आधीच येऊन बसलेली होती. आमिना नावाची पन्नाशीची बाई, उंच, अंगावर केशरी कापड, आणि त्या कापडाच्या काठावर त्यांच्या भाषेतली एक म्हण छापलेली. मी अर्थ विचारला. ती इंग्रजीत म्हणाली, "घाई करणाऱ्याला कच्चं खावं लागतं." आणि लगेच घड्याळाकडे बघत विनायकला म्हणाली, "पण मला परवा दुपारचं विमान आहे. तोवर ठरलं तर ठरलं. नाहीतर मी तशीच पुढे चीनला जाणार."

विनायकची बायको रेखा हिने फरा केला होता. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळकट्या वाफवून तीळ-मिरचीची फोडणी दिलेल्या, बरोबर टोमॅटोची झणझणीत चटणी. आमच्याकडे भाकरीशिवाय पोट भरल्यासारखं वाटत नाही, इथे सकाळ-संध्याकाळ तांदूळच नाना रूपांनी येतो. आमिनाने चार वेळा मागून घेतला. खाताना हसली, मुलांशी बोलली, पण धंद्याचं काढलं की ताठ व्हायची. तिचं म्हणणं एकच होतं: वर्षभरासाठी एक भाव बांधून द्या, डॉलरमध्ये, मध्येच बदलायचा नाही.

आता मेख इथेच होती. त्या वर्षी लोखंडाचे भाव रोज चढत होते. चीनमध्ये बांधकामं निघाली होती आणि जगातलं लोखंड तिकडे ओढलं जात होतं. कुदळीत मुख्य खर्च लोखंडी पट्टीचा. पट्टीचा भाव वर्षभर बांधून मिळाल्याशिवाय विनायक कुदळीचा भाव कसा बांधून देणार? आणि चीनच्या कुदळी तर आमिनाला आजच्या आज स्वस्तात मिळत होत्या.

"मग पट्टीवाल्याला विचार की," मी म्हटलं.

विनायक ताटात बघत राहिला. रेखा म्हणाली, "ताई, आणखी फरा घ्या नं." मला ते विचित्र वाटलं, पण प्रवासाने अंग आंबलं होतं, मी विषय सोडला.

उरला

उरल्याची धूळ काळपट असते. झाडांवर, टपऱ्यांवर, चहाच्या काचेच्या ग्लासांवर ती बसते आणि तासाभरात आपल्या रुमालावरही उतरते. त्याच दिवशी दुपारनंतर आम्ही निघालो तेव्हा पाळी सुटलेली माणसं सायकलींवरून घरी निघालेली, समोरून लोखंडाचे ट्रक. विनायकची गाडी मध्ये कुठेतरी. आमिना खिडकीची काच खाली करून सगळं बघत होती. "आमच्या बंदरासारखा वास आहे," ती म्हणाली.

विनायकचा कारखाना पाहून झाला. भट्टी, दोन घण, पाण्याची टाकी, आणि तयार कुदळींना निळा रंग देणाऱ्या बायका. आमिनाने एक कुदळ उचलली, नखाने वाजवली, कानाला लावून ऐकली आणि मान डोलावली. मालाबद्दल तिची तक्रार नव्हतीच. मग तिला लोखंड कुठून येतं ते बघायचं होतं, म्हणून विनायक जिथून पट्टी घेतो त्या पलीकडच्या रोलिंग मिलमध्ये आम्ही गेलो.

मिलचे मालक साहूजी. पांढरा सदरा, कपाळाला गंध, गळ्यात घाम टिपायचा पंचा. विनायकला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आओ मितान!" ते म्हणाले, आणि विनायकनेही "हव मितान" म्हणून दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले. विनायकने मला गाडीत सांगितलंच होतं की दोघे लहानपणापासूनचे मितान आहेत. छत्तीसगढात ही रीत आहे. दोन मुलांचं जमलं की घरचे लोक पारातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार माणसांसमोर नारळ-तांदूळ देऊन-घेऊन त्यांना मितान करतात. मग ते जन्माचे भाऊ, आणि एकमेकांचं नाव कधी घ्यायचं नाही.

साहूजींनी आम्हाला ऑफिसात बसवलं, चहा मागवला. माझ्याशी फार आदराने बोलले. माझी मावशी, म्हणजे विनायकची आई, उन्हाळ्यात वारली होती. तिला ते बड़ी म्हणायचे. तिची आठवण काढून म्हणाले, "बड़ी रहती तो आज की बात ही अलग रहती, दीदी." मग घसा साफ करून म्हणाले, "दीदी, आपसे एक बात..."

आणि तिथे माझ्यातली मास्तरीण आडवी आली. घड्याळ पुढे पळत होतं, आमिना समोर बसली होती, आणि ही माणसं मला पाल्हाळ लावताहेत असं वाटलं. मी म्हटलं, "साहूजी, वो सब बाद में. पहले ये बताइए, साल भर के लिए पट्टी का क्या भाव देंगे विनायक को?"

विनायकने डोळे मिटले. साहूजींनी हातातला कप बशीत ठेवला, चहा अर्धाही झाला नव्हता. ते उठले, मला हात जोडले आणि म्हणाले, "भट्ठी देखनी है. आप लोग बैठिए." आम्ही बराच वेळ बसलो. ते परत आले नाहीत.

आमिना सगळं बघत होती. गाडीत बसताना मला म्हणाली, "भाव विचारताच जो उठून जातो, त्याच्या भरवशावर मी पैसे गुंतवणार नाही."

विनायक गाडी चालवताना एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर मात्र फुटला. "काहून विचारलं तू तेथी? इतकी शिकलेली तू, अन् एवढं नाही समजलं तुले?"

"अरे, भाव विचारला! शिवी नाही दिली!"

"मितानाले भाव विचारत नाही ताई! अन् त्याच्या समोर, माह्या समोर! तुले काय माहीत तू काय करून ठेवलं!"

मीही चिडले. मग आधी सांगायला तोंड नव्हतं का तुला, असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तिथे रेखाने लसूण सोलता सोलता मला सगळं सांगितलं.

मितानांनी आपसात भाव करायचा नाही, ही त्या दोन घरांची रीत. पण धंदा तर करायचा. म्हणून दर वर्षी भाव तिसरा माणूस सांगायचा. एकदाच सांगायचा, तो कुणी परत उच्चारायचा नाही आणि त्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही. इतकी वर्षं हा तिसरा माणूस म्हणजे माझी मावशी. ती आधी दोघांशी वेगवेगळं बोलायची, मग सकाळी दोघांना समोरासमोर बसवायची, भाव सांगायची आणि वर बासी, म्हणजे पाण्यातला शिळा भात, वाढायची. घास खाल्ला की भाव पक्का.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"विनायकने सांगून बोलावलं असतं तं तुम्ही आमच्याच बाजूचं माणूस झाल्या असत्या न ताई. तिसऱ्याले माल देणाऱ्यानं विचाराव लागते. साहूजी आज तेच विचारून राहिले होते तुम्हाले."

सांगलीच्या हळदीच्या पेठेत पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे. भाव मोठ्याने बोलायचा नाही ही रीत मी लहानपणी वडिलांचा हात धरून पाहिली आहे. त्या रुमालाचं माझ्या वर्गात मी कौतुकाने वर्णन करते. आणि इथे येऊन मीच रुमाल ओढून काढला होता.

रेखाने आणखी एक गोष्ट सांगितली. भाव ठरून महिने-दोन महिने गेले, की ज्याला वाटायचं आपल्याकडे जास्त फायदा आला, तो मावशीला सुवासिक दुबराज तांदळाचं एक पोतं पाठवायचा. बहुतेक वर्षी कुणा एकाचंच यायचं. "एका साली दोघायचीही पोती आली. तं आई पाराभर सांगत फिरल्या. पोट्टी परीक्षेत पहिली आल्यावर फिरतात नं लोक, तशा."

मी हसले, आणि हसता हसता मला मावशीची फार आठवण आली. दोन्ही बाजूंना फायदा होतो म्हणून व्यापार होतो, हे माझ्या पहिल्याच तासाचं वाक्य आहे. मावशीने त्याची दोन पोती मिळवली होती.

साहूजींच्या ओसरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी साहूजींच्या घरी गेले. विनायक म्हणाला होता, "जाऊन काही होत नाही आता." पण त्याचा कारखाना माझ्या तोंडाने बुडतोय हे घेऊन मी सांगलीला परत जाऊ शकत नव्हते.

साहूजींनी मला ओसरीवर बसवलं. त्यांच्या घरच्यांनी गरम चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणून दिला. मी माफी मागायला तोंड उघडलं की ते विषय बदलायचे. धान कसं झालं, सांगलीला पाऊस किती, बड़ी गुडघ्याला कोणतं तेल लावायची. मी उत्तरं देत होते आणि आतल्या आत घड्याळ ऐकत होते. शेवटी मी ठरवलं की या माणसाला घाई करायची नाही. आमिनाच्या काठावरची म्हण आठवली. चीला खाल्ला, दुसरा मागितला, तोही खाल्ला. धंद्याचा शब्द काढला नाही. निघायला उठले आणि म्हणाले, "येते."

चपला घालताना मागून आवाज आला. "दीदी, कल सबेरे आपके हाथ की बासी खाएँगे."

मी घातलेली चप्पल पुन्हा काढली. त्यांनी विचारलं होतं.

आता मी प्रश्न विचारू शकत होते, पण कसा विचारायचा? मी म्हटलं, "साहूजी, किस भाव पर आपको रात को नींद नहीं आएगी?"

मग त्यांनी एक आकडा सांगितला. वर म्हणाले, "दीदी, आप इससे कम बोलोगी तो भी हम खा लेंगे. मना नहीं करेंगे." मला त्याचीच भीती वाटली. हा माणूस बुडेल, पण नाही म्हणणार नाही. बाजारात आजच त्यांना याहून जास्त देणारे उभे होते. मितानाला माल द्यायचा म्हणजे ते सोडायचं, आणि सोडलेला फायदा हाही खर्चच असतो.

घरी येऊन मी विनायकला गच्चीवर नेलं आणि विचारलं, "पट्टी कुठल्या भावाला गेली की तुझं शटर खाली येईल?" त्याने आकडा सांगितला.

साहूजींचा कमीत कमी आकडा विनायकच्या जास्तीत जास्त आकड्याहून वर होता. फळ्यावर अशी वेळ आली की मी मुलांना म्हणते, इथे सौदा होत नाही, पुढचं प्रकरण काढा. गच्चीवर पुढचं प्रकरण नव्हतं. विनायक कठड्याला टेकून उभा होता आणि मला काही विचारत नव्हता. रीत पाळत होता बिचारा.

सदर बाजार

दुपारी आमिनाला चांदीचे तोडे घ्यायचे होते, नातीसाठी. मी तिच्याबरोबर सदर बाजारात गेले. मन तिथे नव्हतं. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना सराफ आणि कापडवाले, आणि मधून स्कूटरी अशा घुसतात की माणसाने पोट आत घेऊन चालावं. एकीचा आरसा माझ्या कोपरावर बसला तो तेवढ्यात.

आमिना घासाघीस करण्यात पटाईत असणार, असं मी धरून चालले होते. सराफाने भाव सांगितला, तो अव्वाच्या सव्वा होता. मी तिला डोळ्याने खुणावलं. तिने लक्षच दिलं नाही. ती म्हणाली, "ठीक. पण घुंगरू जास्त लावून हवेत. उद्या सकाळी मिळतील?"

सराफ म्हणाला, परवा. आमिना उठली. सराफ म्हणाला, उद्या दुपारी. आमिना दुकानाच्या पायऱ्या उतरू लागली. "सकाळी! सकाळी देता हूँ!" सराफ ओरडला. ती परत वर आली, आणि न विचारता वर आणखी थोडे पैसे ठेवून म्हणाली, "हे सकाळचे."

मी रस्त्यात उभी राहिले. मागून एक स्कूटर ओरडत होती. ही बाई भावासाठी भांडत नव्हती. ही वेळेसाठी भांडत होती, आणि वेळेचे जास्त पैसे द्यायला तयार होती.

समोरच्या हॉटेलात बसून मी तिला सरळ विचारलं, "गेल्या वर्षी काय झालं?"

तिने चमचा बशीत ठेवला. मग सांगितलं. गेल्या वर्षी तिने विनायकला सोडून चीनचा माल घेतला होता. मध्येच लोखंड चढलं, तिथल्या विकणाऱ्याने आज पाठवतो उद्या पाठवतो करत माल अडवला, आणि कुदळी मोंबासाला पोचल्या तेव्हा पाऊस सुरू होऊन गेला होता. "पावसाआधी शेतकरी बाई उधार मागून कुदळ घेते," आमिना म्हणाली. "पावसानंतर फुकट दिली तरी ठेवायला जागा नाही म्हणते. माझं गोदाम भरून पडलं. म्हणून मला वर्षभराचा बांधलेला भाव हवा. भाव बांधला की विकणारा पळत नाही."

"आमिना, वर्षभर भाव बांधला आणि लोखंड चढलं, तर विकणारा नक्की पळतो," मी म्हटलं. "बांधलेला भावच त्याला पळवतो. तुला वर्षभराचा भाव नकोच आहे. तुला पावसाआधीचे मालाचे दोन फेरे हवे आहेत. तेवढ्याचाच भाव बांध, थोडा वरचा दे, आणि आम्ही लोखंड आजच घेऊन ठेवतो. मग पुढच्या मालाचा भाव तेव्हाच्या बाजाराप्रमाणे."

तिने मला निरखून पाहिलं. "चीनपेक्षा वरचा?"

"तोड्यांचे सकाळचे पैसे किती दिलेस?"

ती मोठ्याने हसली, मग गंभीर झाली. बोटांवर काहीतरी मोजलं. तिने कुदळीमागे जे वाढवून दिलं, त्यातून विनायकचा आकडा साहूजींच्या आकड्याच्या थोडा वर सरकला. थोडाच. पण बोट शिरेल एवढी फट झाली. "पण एक अट," ती म्हणाली. "तो पट्टीवाला तुमच्याशी बोलतो आहे हे मला निघण्याआधी दिसलं पाहिजे."

पाट

मावशीचा पाट रेखाने धुऊन ठेवला होता. आदल्या दिवशीचा भात पाण्यात भिजत घातलेला, त्यात मीठ, वर दही, बाजूला कांदा आणि हिरवी मिरची. ही बासी. आमच्याकडे शिळा भात फोडणीला टाकतात, पाहुण्याला तर वाढतच नाहीत. इथे तो मानाने वाढतात.

साहूजी आणि विनायक समोरासमोर बसले. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. आमिना दाराशी खुर्चीवर, तोडे पर्समध्ये, बॅग गाडीत. मी मधल्या पाटावर बसले.

भाव त्या फटीत कुठे ठेवायचा हे मलाच ठरवायचं होतं. मध्यावर ठेवला असता तर सोपं होतं. पण मावशीने नुसता मध्य काढला नसता. मी पेपरातलं वाचत होते, चीनमध्येच तालुक्या-तालुक्यात लोखंडाच्या नव्या भट्ट्या निघत होत्या, चीनची भूक नव्या वर्षात कमी होईल असं मला मनापासून वाटत होतं. लोखंड उतरलं तर ठरलेला भाव बाजाराहून वरचा राहून साहूजींना फायदाच होणार होता. शिवाय विनायकचं गेलं वर्ष ऑर्डरशिवाय गेलं होतं. मी भाव विनायककडे थोडा झुकवला.

आकडा मी इथे लिहीत नाही. तो एकदाच बोलायचा असतो.

मी बोलले. साहूजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला. मग विनायकने. मग मिरची दाताखाली येऊन विनायकला ठसका लागला, आणि साहूजींनी स्वतःचा पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. "पी मितान, आस्ते," ते म्हणाले. आमिनाने ते पाहिलं. पर्समधून पेन काढलं.

निघताना मी साहूजींना एवढंच सांगितलं की दोन्ही फेऱ्यांचं लोखंड आजच घेऊन ठेवा. "हव दीदी," ते म्हणाले. त्यांनी खरंच त्याच दिवशी घेतलं.

सांगली

परत आल्यावर मी पुन्हा फळ्याशी उभी राहिले, पण सकाळी पेपर आला की आधी लोखंडाचा भाव बघायची सवय लागली. तो उतरला नाही. नवं वर्ष लागलं आणि तो आणखी चढला. चीनची भूक कमी झाली नाही, माझाच अंदाज चुकला होता. साहूजींनी लोखंड आधी घेऊन ठेवलं होतं, त्यामुळे त्यांच्या खिशातून पैसा गेला नाही. पण तीच पट्टी त्यांनी बाजारात विकली असती तर किती मिळाले असते, हे मला न लिहिता समजत होतं. चहा पिताना ते आठवायचं आणि चहा गोड लागायचा नाही.

मी न राहवून विनायकला फोन केला. "मी भाव बदलते. मीच सांगितला होता, मीच बदलते."

"नाही ताई," तो हळू बोलला. "तिसरा माणूस एकदाच बोलते. मितानानं पट्टी वेळेवर देल्ली, दोन्ही खेपा. दोन्ही गाड्या न्हावाशेवा बंदराले गेल्या. तो तं काहीच बोलून नाही राहिला."

दुसरा फेरा पावसाआधी मोंबासाला पोचला. आमिनाने फोन करून सांगितलं की निम्म्या कुदळी बंदरावरूनच उचलल्या गेल्या. पुढच्या वर्षीची ऑर्डर तिने तेव्हाच दिली.

मग एक दिवस ट्रान्सपोर्टच्या माणसाने दारात दुबराजचं पोतं उतरवलं. गोणीवर विनायकचं नाव. घरभर वास सुटला, शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. मी ते पोतं उघडलं नाही. आठवडा गेला. मी निर्लज्जासारखी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला जाऊन विचारलं, रायपूरहून आणखी काही आलंय का माझ्या नावाने. कारकून म्हणाला, "नाही बाई, एकच होतं."

मला तिथेच रडू आलं. साहूजींनी दाखवण्यापुरतं पोतं पाठवलं असतं तर माझ्या जिवाला बरं वाटलं असतं. पण त्यांनी खोटं पोतं पाठवलं नाही. त्यांनी भाव पाळला आणि तो वाकडा पडला हेही मला कळू दिलं, त्यांच्या रीतीने.

संध्याकाळी मी त्यांना फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिकडून तेच म्हणाले, "दीदी, धान का टाइम होते ही आ जाना. पाट तो आपका है अब."

मी विनायकचं पोतं उघडलं, वाटीभर तांदूळ शिजवला, आणि थोडा रात्रभर पाण्यात घालून ठेवला. सकाळी कांदा-मिरचीबरोबर खाल्ला. आता दिवाळीनंतर पुन्हा रायपूरला जायचं आहे, आणि या वेळी भाव आपल्या माणसाकडे झुकवायचा नाही एवढं मला माहीत आहे. कोठीच्या खोलीत मी दुसऱ्या पोत्यापुरती जागा करून ठेवली आहे.